चावी फिरवली की ‘टक टक’, पण गाडी सुरू होत नाही



या महिन्यात पाण्याच्या पंपाविषयी लिहायचे ठरवले होते. तो विषय पुढच्या अंकावर ढकलतो आहे, कारण मध्येच कोकणातल्या एका गावातून एका बहिणीचा फोन आला. तिचे पती कुवेतला नोकरीला आहेत. घरात सासू, सासरे आणि दोन मुले. सासऱ्यांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तालुक्याच्या गावी होते. फजरची नमाज झाली की अब्बांना गाडीत बसवायचे आणि चाळीस मिनिटांचा रस्ता धरायचा, हा तिचा नेम. त्या सोमवारी तिने चावी फिरवली, तर इंजिन फिरलेच नाही. बोनेटखालून ‘टक टक टक टक’ एवढाच आवाज आला. दहा वेळा चावी मारली, दहा वेळा तेच. शेवटी रिक्षा शोधावी लागली आणि अब्बा तासभर उशिरा पोहोचले.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने आवाज ऐकला आणि बोनेट न उघडताच सांगितले, “भाभी, सेल्फ गेला. नवीन टाकावा लागेल, ५,५०० रुपये होतील.” घरखर्चाचे पैसे यायला अजून आठ दिवस होते आणि गुरुवार तीन दिवसांवर. तिने मला विचारले, “भाई, उसने घेऊन टाकू का? आणि टाकला तर गाडी नक्की सुरू होईल का?”

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘अजून नको’ असे होते. ते का, हे सगळ्यांनीच समजून घ्यावे म्हणून आजचे सदर.

तो ‘टक’ कशाचा?

जुन्या काळी मोटारीच्या पुढे लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. हँडल उलट फिरले तर मनगट मोडायचे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि तो १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. तेव्हापासून गाडी सुरू करायला मनगटाचा जोर लागेनासा झाला. आज आपल्या बहिणी एकट्याने गाडी काढतात, त्यात या छोट्या मोटारीचा वाटा आहे.

तिलाच आपण ‘सेल्फ’ म्हणतो. तिच्या डोक्यावर एक लहान नळकांडे असते, त्याला सोलेनॉइड म्हणतात. त्यात तारेची गुंडाळी आणि सरकणारी लोखंडी दांडी असते. चावी फिरवली की गुंडाळीत वीज जाते, ती चुंबक बनते आणि दांडीला ओढून घेते. ही दांडी दोन कामे करते. सेल्फचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकवते आणि त्याच वेळी तांब्याचे दोन जाड तुकडे एकमेकांना जोडते. या तुकड्यांतून बॅटरीची सगळी ताकद सेल्फकडे जाते. दांडी जागेवर जाऊन आपटते, तो हा ‘टक’.

आता बॅटरी कमजोर असेल तर काय होते? दांडी सरकते, तुकडे जुळतात, सेल्फ एकदम भरपूर वीज मागतो. लहान पेट्रोल गाडीतही ही मागणी १०० अँपिअरच्या पुढे जाते. बॅटरीला ती पेलत नाही आणि तिचा व्होल्टेज कोसळतो. मग गुंडाळीचे चुंबक ढिले पडते आणि स्प्रिंग दांडीला मागे ढकलते. भार गेला की बॅटरी पुन्हा जरा सावरते, दांडी पुन्हा ओढली जाते, पुन्हा सुटते. हे सेकंदात अनेकदा घडते, म्हणून ‘टक टक टक टक’. म्हणजे असा भराभर आवाज येत असेल, तर सोलेनॉइड आपले काम करतो आहे. त्याला पोटभर वीज मिळत नाही.

आवाज ओळखा

*भराभर टक टक.* बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते, किंवा तिच्या टोकांवरची जोडणी सैल अथवा गंजलेली असते. सेल्फचा दोष असण्याची शक्यता इथे कमी.

*एकच ठसठशीत ‘टक’, मग शांतता.* दांडी सरकली, पण मोटर फिरली नाही. सेल्फमधले कार्बन झिजलेले असू शकतात, तांब्याचे तुकडे जळलेले असू शकतात. पण बॅटरी किंवा अर्थिंगची तार खराब असली तरी असेच होते. म्हणून सेल्फवर ठपका ठेवण्याआधी ते दोन तपासायचे.

*काहीच आवाज नाही.* डॅशबोर्डचे दिवेही लागत नसतील तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तार निघाली आहे. दिवे व्यवस्थित लागत असतील तर फ्यूज, रिले किंवा चावीचा स्विच पाहावा लागतो. पुष्कळ गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’वर हवा. घाईत ही साधी गोष्ट हटकून राहते.

*इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही.* मग बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत. दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात, ठिणगीत किंवा चावी ओळखणाऱ्या यंत्रणेत शोधायचा. तो आजचा विषय नाही.

दिव्याची परीक्षा

या परीक्षेला एक पैसा लागत नाही. गाडीच्या आतला छतावरचा दिवा लावा, त्याच्याकडे पाहत चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला किंवा विझला, तर बॅटरी नाहीतर तिची जोडणी कमकुवत आहे. दिवा तसाच लखलखीत राहिला आणि फक्त एक ‘टक’ आला, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या तारेवर घ्यायला हरकत नाही.

पुष्कळ जण म्हणतात, “हॉर्न वाजतो, दिवा लागतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे.” हा समज चुकीचा. छतावरचा ५ वॉटचा दिवा अर्धा अँपिअरही घेत नाही. सेल्फ त्याच्या शेकडो पट घेतो. वाटीभर पाणी निघते म्हणून टाकी भरलेली आहे असे होत नाही.

त्या बहिणीला मी फोनवरच ही परीक्षा करायला सांगितली. हॉर्न वाजत होता, पण चावी फिरवताच छतावरचा दिवा पार विझत होता. आवाज भराभर, दिवा विझतो: दोन्ही खुणा सेल्फकडे नव्हे, बॅटरीकडे बोट दाखवत होत्या.

बोनेट उघडण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चावी काढून खिशात. हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण बॅटरीचे लाल टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सोन्याची बांगडी किंवा पाना आला तर तो क्षणात तापून कातडी भाजते. ओढणी खोचून घ्या. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. बॅटरीजवळ सिगारेट, काडी, मेणबत्ती अजिबात नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो पेट घेतो. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी असेल तर हात लावू नका. आतले पाणी म्हणजे गंधकाचे आम्ल आहे. डोळ्यात उडाले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि मग थेट दवाखाना गाठा.

टोके पाहा, हलवून पाहा

बॅटरीला दोन टोके असतात. ‘+’ खुणेचे, बहुधा लाल टोपणाचे. आणि ‘−’ खुणेचे, ज्याची काळी तार गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनाला जोडलेली असते. दोन्हींवरचे धातूचे क्लॅम्प हाताने पिळून पाहा. ते तसूभरही हलता कामा नयेत. हलले तर नट सैल आहे. क्लॅम्पवर पांढरी किंवा हिरवट-निळी बुकटी साचली असेल तर ती वीज अडवते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत काळ्या तारेचे दुसरे टोक, म्हणजे पत्र्यावरचा बोल्ट, हमखास गंजतो. तिकडे कुणी पाहत नाही.

साफ करण्याची पद्धत सोपी आहे. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना चालतो. आधी काळी तार सोडवा, मग लाल. हा क्रम उलटा करू नका. काळी आधी सुटली की पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टोके आणि क्लॅम्प घासा. फसफसले म्हणजे आम्ल मरते आहे. फडक्याने कोरडे करा. जोडताना आधी लाल, शेवटी काळी. नट घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेलीचे पातळ बोट फिरवा, म्हणजे गंज लवकर धरत नाही.

हे सांगितल्यावर बहिणीने व्हिडिओ कॉल करून बोनेट दाखवले. लाल टोकावर बुकटीचा थर होता आणि काळा क्लॅम्प तिच्या दोन बोटांनी फिरत होता.

मीटरचे आकडे

ज्या घरात गाडी आहे, त्या घरात एक साधा डिजिटल मल्टिमीटर असावा. तो डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक ‘+’ला, काळे ‘−’ला लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचे आकडे असे:

गाडी रात्रभर उभी असताना १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली म्हणजे उतरलीच.

कुणीतरी चावी मारत असताना आकडा १० च्या आसपास किंवा वर राहावा. ९.६ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. त्याच वेळी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ‘−’ला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला लावले तर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यावे, जास्त आले तर काळ्या तारेत दोष आहे.

गाडी सुरू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावे. तेवढे नसेल तर अल्टरनेटर बॅटरीला भरत नाही. मग नवी बॅटरी टाकली तरी चार दिवसांत तीही बसेल.

दुसऱ्या गाडीची मदत

बॅटरी उतरली असेल तर जंपर केबलने शेजाऱ्याच्या गाडीची ताकद घेता येते. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या असाव्यात, एकमेकींना चिकटलेल्या नसाव्यात आणि दोन्ही बंद असाव्यात. क्रम पाठ करा: लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या ‘+’ला, मग चांगल्या बॅटरीच्या ‘+’ला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ‘−’ला आणि तिचे शेवटचे टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीच्या वायूजवळ उडू नये म्हणून. चांगली गाडी सुरू करून चार-पाच मिनिटे थांबा, मग बंद गाडीची चावी मारा. सुरू झाली की केबल उलट क्रमाने काढा. लाल-काळे उलटसुलट झाले तर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते, म्हणून खात्री नसेल तर थांबा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आधी गाडीची पुस्तिका वाचा.

धक्का मारून गाडी सुरू होते, पण फक्त हाताच्या गिअरची. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला; गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीला असा धक्का चालत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, त्यामुळे उतारावर आणि वर्दळीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. दवाखान्याला निघालेल्या आजारी माणसाला आत बसवून तर कधीच नाही.

उभी गाडीही बॅटरी खाते

आपल्याकडे अनेक घरांत गाडी सुट्टीला येणाऱ्या माणसाची वाट पाहत महिनोन्‌महिने अंगणात उभी असते. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, चावीची यंत्रणा थोडी वीज घेतच असतात. ५० मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची. म्हणजे दोन आठवड्यांत ती निम्मी होते आणि महिन्याभरात संपते. आतला दिवा चालू राहिला तर तीन-चार दिवसच पुरे. अशी तळाला गेलेली बॅटरी पुन्हा भरली तरी पहिल्यासारखी राहत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा. अंगणातच पाच मिनिटे सुरू करून बंद करणे म्हणजे घातल्यापेक्षा जास्त काढणे. फिरवणे शक्य नसेल तर काळी तार सोडून ठेवा. त्या वेळी खिडकी थोडी उघडी किंवा साधी चावी जवळ असू द्या, कारण बटणाचे लॉक चालणार नाही.

बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षे. आपल्या उन्हाळ्याची झळ ते कमी करते. विकत घेतल्याची तारीख बॅटरीवरच मार्करने लिहून ठेवा. जुनी बॅटरी भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तिच्यातले शिसे आणि आम्ल माती-पाण्याला आणि मुलांना घातक आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसारही ती वेगळी ठेवून योग्य ठिकाणी द्यायची असते. नवी घेताना दुकानदाराकडे परत केली तर किमतीत सूटही मिळते.

गुरुवारचे काय झाले?

बुधवारी संध्याकाळी शेजारच्या मुलाने १० नंबरचा पाना आणला. सोड्याच्या पाण्याने टोके धुतली, पत्र्यावरचा बोल्ट घासला, क्लॅम्प घट्ट केले. चावी मारली तर इंजिन जरा जड फिरले, पण गाडी सुरू झाली. गुरुवारी अब्बा वेळेवर पोहोचले, अल्हम्दुलिल्लाह. डायलिसिस चालू असताना तिने जवळच्या बॅटरीच्या दुकानात मोजून घेतले: गाडी सुरू असताना १४.१. शुक्रवारी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत, १२.४, सेल्फ मारताना १०.२. सेल्फ शाबूत होता. अल्टरनेटरही. खर्च सोड्याच्या पुडीचा.

तरीही मी तिला सांगितले की बॅटरीला चार वर्षे झाली आहेत, तेव्हा दोन-तीन महिन्यांत पैसे जमवून बदलून घे. एरवी मी म्हटले असते, चालते तोवर चालू दे. पण ज्या घरात दवाखान्याची फेरी ठरलेली आहे, तिथे बॅटरीचा शेवटचा दिवस पाहत बसायचे नसते. आणि ओळखीच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर दाराजवळ लिहून ठेव. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. आधी उंट बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

राहिला तो मेकॅनिक. त्याच्या नियतीबद्दल मी काही बोलणार नाही. घाईत माणूस आवाजावरून अंदाज बांधतो आणि चुकतो. बदगुमानी करायचे कारण नाही. पण आपले पैसे अमानत आहेत, परदेशात कुणीतरी घाम गाळून पाठवलेले. म्हणून कुणी पार्ट बदला म्हणाले की भांडू नका, नरमाईने एवढेच विचारा: “भाई, आधी बॅटरी मोजली का? सेल्फ मारताना किती व्होल्ट दाखवतो?” चांगला कारागीर या प्रश्नाने रागावत नाही, मीटर काढतो. आणि मोजल्यावर सेल्फच खराब निघाला, तर पैसे देताना मनात किंतु राहत नाही.

पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, राहिलेला पाण्याचा पंप.